दुसऱ्याच्या दावणीची बोट

अकोल्याला मुलींच्या शाळेत मला पहिली नोकरी लागली, तेव्हा मी आणि आई जुन्या शहरात जागा बघायला गेलो. घरमालक ओसरीवर बसून बैलाची वेसण वळत होते. हातातलं काम न थांबवता त्यांनी मला विचारलं, "याच्या आधी कोनाच्या घरी राहत होत्या?"

मी म्हटलं, अमरावतीला, आमच्या स्वतःच्या घरी.

"म्हनजे भाड्यानं राहल्याच नाही कधी?"

"नाही."

"अन् मास्तरकी? ते कुठी केली?"

"ही पहिलीच."

त्यांनी माझ्याकडे आणि मग आईकडे बघितलं. "बाई कच्ची हाये," ते आईला म्हणाले. "पन तुमी असान संग, त पाहू."

मी नुकतीच पदवी घेऊन आले होते आणि मला कच्ची म्हणणारा माणूस तोवर भेटला नव्हता. दुसरी जागा मिळाली असती तर मी तिथूनच उठले असते. मिळाली नाही, म्हणून लग्न होईपर्यंत त्या घरात राहिले. अपमानाचं म्हणाल तर पुढं कळलं की तो शब्द काही खास माझ्यासाठी राखलेला नव्हता. जगातली प्रत्येक नवी वस्तू ते कच्चीच म्हणत. नवं धोतर कच्चं, नवी छत्री कच्ची, टेशनाजवळ बांधलेली नवी धर्मशाळाही कच्ची.

सगळे त्यांना पाटील म्हणत. गावची पाटीलकी त्यांच्याकडे नव्हती, पण आमच्याकडे काळी जमीन आणि डोक्याला फेटा एवढं असलं की माणूस पाटील होतो. त्यांचं शेत पातूरच्या रस्त्याला होतं आणि राहतं घर मोर्णा नदीच्या अलीकडे. खाऊनपिऊन सुखी माणूस; नवं घ्यायला पैसे नव्हते असं मुळीच नाही. त्यांचा नव्यावर विश्वासच नव्हता. जोडा विकत घेतला की तो आधी सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याला, घालायला देत. सालदाराच्या पायात तो महिनाभर रुळला, कुठं चावतो, कुठं उसवतो ते कळलं, की मग स्वतः घालत. एकदा सालदार ते नवे जोडे घालून सासुरवाडीला गेला आणि सासुरवाडी मानवली म्हणून तिथंच राहिला. पाटील तितके दिवस अनवाणी हिंडले, पण दुसरा जोडा घेतला नाही. धोतराची घडी मोडायचा मान धाकट्या भावाचा. त्यांच्या बायकोला आम्ही पाटलीणबाई म्हणत असू. त्या एकदा पापड लाटता लाटता आईला म्हणाल्या, "या घरात नवीकोरी अशी मीच एक आली बाप्पा. ते बी सासऱ्यानं पसंत केली म्हनून. यायच्या हाती असतं, त आधी कोनाच्या तरी घरी राबाले धाडली असती मले."

पाटील तिथंच बसलेले होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

इंग्रज जाणार हे नक्की झालं त्या सुमारास अमरावतीच्या कॅम्पातले आणि अकोल्याचे साहेब लोक सामानसुमान लिलावात काढू लागले. पाटलांचा जणू पोळाच आला. ते दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपून जायचे आणि संध्याकाळी ती भरून आणायचे. मोडक्या पायाची मेजं, पितळी दिवे, जिनिंगच्या बंद पडलेल्या कचेरीतलं घड्याळ, आणि एक भलामोठा पांढरा आंघोळीचा टब. तो टब उतरवायला चौघे लागले. पाटलीणबाईंनी विचारलं, याच्यात आंघोळ करता का आता? पाटील म्हणाले, "गोऱ्याच्या बुडाखालचं पानी मी काहून अंगावर घेऊ?" दुसऱ्या दिवशी टब गोठ्यात गेला आणि त्यात बैलांची सरकी भिजू लागली.

हाच त्यांचा नेम होता. जुनं घ्यायचं, पण घेतलं तसं ठेवायचं नाही. मेजाला नवे पाय बसायचे, दिव्याला नवी कडी लागायची, घड्याळाच्या तबकडीवर लाल रंगाचा टिळा यायचा. "जसं आनलं तसं वापरलं त ते दुसऱ्याचंच राहते," ते म्हणत. "आपला हात लागला पाहिजे त्याले." कोणी कौतुकानं 'जुनं ते सोनं' म्हटलं तर मात्र त्यांचं डोकं फिरे. "सोनं कायचं? जुनं ते जुनं. त्याले राबवाची अक्कल लागते."

ही अक्कल त्यांना बैलांनी दिली होती. आदात बैल, म्हणजे ज्याला अजून पक्के दात आले नाहीत असा, त्यांनी कधी विकत घेतला नाही. त्यांना दुसऱ्याच्या दावणीला राबलेला, दातानं जुळलेला, खांद्याला घट्टा पडलेला बैल लागे. लोक ज्याला म्हातारा म्हणून बाजारात काढत, त्याला हे घरी आणत, शिंगं साळत, खुरांना पत्र्या मारत, सरकी चारत, आणि सगळ्यात आधी त्याचं नाव बदलत. तो बैल पुढं कितीतरी वर्षं त्यांच्या वखराला चाले. या बाबतीत त्यांचा अंदाज खरा ठरे, हे मी मान्य करते. घड्याळाच्या बाबतीत ठरला नाही. ते दुपारच्या दोनाला सातचे टोल द्यायचं.

जुन्यावर एवढं प्रेम करणाऱ्या माणसाचं स्वतःच्या थोरल्या मुलाशी मात्र बोलणं नव्हतं.

किसन त्याचं नाव. लढाईच्या काळात घरात न सांगता तो आरमारात भरती झाला होता. वऱ्हाडातला पोरगा, पोहायला मोर्णेच्या डोहात शिकलेला, तो थेट बोटीच्या बॉयलरवर गेला. लढाई संपली, आणि पुढच्याच साली मुंबईच्या बंदरात आरमारातल्या आपल्या खलाशांनी इंग्रजांविरुद्ध संप पुकारला. किसन त्यात होता. संप मोडला, त्याला काही दिवस डांबून ठेवलं, आणि मग नोकरीवरून काढून रेल्वेचं तिकीट हातात देऊन घरी पाठवलं. अकोल्याच्या टेशनावर लोकांनी त्याला हार घातले. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी तिथंच भाषण केलं. पाटील टेशनावर गेले नाहीत. पोरगा दारात आला तेव्हा ते म्हणाले, "मधातच जू टाकून देनारा बैल कोनाच्याच कामाचा नाही. आज त्याचं टाकलं, उद्या याचं टाकीन."

हे मी पाहिलेलं नाही. मी तिथं राहायला जाण्याच्या आधीचं आहे. पाटलीणबाईंनी आईला सांगितलं आणि आईनं मला. मी पाहिला तो किसन शेतातल्या विहिरीवरचं इंजिन चालवणारा, उंच, मान खाली घालून जेवून जाणारा. स्वराज्य आल्यावर आपल्याला परत बोलावतील असं त्याला वाटत होतं. अर्ज मात्र तो करीना. "हाकललं त्यायनं, बोलवावं त्यायनंच," एवढंच म्हणायचा. बोलावणं आलं नाही. समुद्राचा विषय निघाला की तो ताटावरून उठायचा, आणि बाप तर मुळी त्याच्याकडे बघायचाच नाही. ज्या घरात साहेबाच्या टबालाही जागा मिळाली, तिथं हा परक्यासारखा राहत होता. मला पाटलांचा राग येई, पण भाडेकरूला राग येऊन उपयोग काय?

अशात एके दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली की आपल्या सरकारनं इंग्रजांकडून एक जुनी लढाऊ बोट विकत घेतली. विलायतेच्या गोदीत तिची दुरुस्ती करून, तिच्यावर नव्या तोफा आणि नवी यंत्रं बसवून, आपलेच खलाशी ती घेऊन येत आहेत.

संध्याकाळी ओसरीवर वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचं काम माझ्याकडे असे. वकीलसाहेब येऊन बसत, आणखी दोघंतिघं असत. बातमी ऐकून वकीलसाहेब हसले. "घ्या! स्वराज्य मिळालं आणि पहिली खरेदी काय, तर इंग्रजाचं भंगार! जाताना त्यानं घरातली मोडकी भांडी आपल्या गळ्यात बांधली."

पाटलांनी मला बातमी परत वाचायला लावली. मग विचारलं, "किती दाती हाये?"

मी म्हटलं, पाण्यात पंधरा वर्षं झाली आहेत.

"म्हनजे जुळलेली. अन् नवं काय लावलं तिले?"

मला समजलं होतं तेवढं मी सांगितलं. विमान पाडायच्या तोफा, आणि अंधारात-धुक्यात लांबचं जहाज दाखवणारं रडार नावाचं यंत्र.

"जुन्या बैलाले नवे डोये," पाटील म्हणाले. "नाव बदललं का?"

"बदललं. आपलं नाव दिलं."

"हे बराबर केलं." मग ते वकीलसाहेबांकडे वळले. "वकीलसाहेब, तुमचा हा कोट कोनाचा होता?"

वकीलसाहेबांचा काळा कोट त्यांच्या सासऱ्यांचा होता, हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. ते म्हणाले, कोटाची गोष्ट वेगळी.

"वेगळी कशी? जे चालत नाही ते भंगार. हे त सोताच्या पायानं विलायतेहून चालत येऊन राहली. अन् नवी बांधाले किती वर्स लागतीन? तवर काय किनाऱ्यावर पोट्टे उभे करसान, हाती काठ्या देऊन? आपलं आरमार नवशिकं हाये. नवशिक्या गड्याले नेहमी जुना बैल द्यावा लागते. गडी बैलाले नाही हाकत, बैल गड्याले शिकोते."

हे बोलणं मला पटलं. सरकारातल्या कोणी हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. पण पाटील तेवढ्यावर थांबतील तर ते पाटील कसले! त्यांनी त्या बोटीचं वकीलपत्रच घेतलं. बाजारात, पानाच्या दुकानात, कापसाच्या गाड्यांच्या रांगेत, जिथं तिथं तेच. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. मोर्णेला आलेला पूर हा त्यांचा सगळ्यात मोठा पाण्याचा अनुभव. तरी एका रविवारी त्यांनी टबातली सरकी उपसली, तो घासूनपुसून काठोकाठ भरला आणि त्यात आंघोळीचं तांब्याचं घंगाळ सोडलं. तोफा म्हणून त्यात वरवंटा आणि दोन पाटे ठेवले. एवढं वजन घेऊन बोट कशी तरंगते, ते त्यांना वकीलसाहेबांना दाखवायचं होतं. घंगाळ तरंगलं, हे खरं. पण सोडलेला बैल मागून आला आणि सगळ्यांच्या देखत समुद्राला तोंड लावून बसला. पाणी खाली खाली जाऊ लागलं, घंगाळ बुडाला टेकलं, आणि वकीलसाहेब म्हणाले, "पाटील, बंदर आलं वाटतं!"

हसण्याच्या गलक्यात किसन शेतातून आलेला कोणाला कळलंच नाही. तो दारात उभा होता. टबाकडे बघून तो म्हणाला, "असलीच एक बोट आमाले दाबाले धाडली होती इंग्रजानं. संपाच्या वक्ती." आणि घरात गेला.

हसणं थांबलं. पाटलांनी वाकून घंगाळातला वरवंटा काढला.

त्या रात्रीपासून त्यांचं बोटीवरचं बोलणं बंद झालं. आठवड्याभरानं मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. पाटलांखेरीज दुसरं कोणी नव्हतं. बोट मुंबईला पोहोचली होती आणि तिचा पूर्वेतिहास छापून आला होता. आधी ती इंग्रजांकडे होती, मग दुसऱ्या एका देशाच्या आरमारात लढली, मग परत इंग्रजांकडे. पाटील ऐकत होते.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "किसना म्हने त्या बोटीनं आपल्या पोरायवर तोफा रोखल्या होत्या. तेच हे का?"

"नाही. ती वेगळी होती."

"अन् तेच असती, त घेतली असती का आपन?"

मी जरा विचार केला. "घेतली असती बहुतेक. बोट चांगली असेल तर तिनं आधी काय केलं ते कोण बघतं?"

"हं," पाटील म्हणाले. मग विचारलं, "तुमची दिवाळीची सुट्टी कधी लागते?"

माझा थोरला भाऊ मुंबईला गिरगावात राहत होता. तेव्हा आमची राजधानी नागपूर, आणि मुंबई म्हणजे परमुलूख. तिथं जायचं तर ओळखीचं कोणी बरोबर हवं, ते म्हणजे मी. सुट्टीत बोट लोकांना बघायला खुली करणार होते. पाटलांनी जाहीर केलं की आपण बायकोला घेऊन मुंबईला जाणार, बोटीवरच्या साहेबाला भेटणार आणि किसनला परत घ्या म्हणून सांगणार. "जुनी बोट घेतली, त जुना पोरगा काहून घेत नाही? विचारतो मी." ऐन कापूस वेचणीचे दिवस. वेचणी सोडून पाटील परगावी निघालेत, हे कोणाला खरंच वाटेना. मला नवल वाटलं ते किसनचं. एवढा मानी पोरगा, जाऊ नका म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं दमणी जुंपली आणि आम्हाला टेशनावर सोडलं.

गाडीत पाटलीणबाईंच्या मांडीवर एक पितळी तांब्या होता, तोंडाला फडकं बांधलेला. मी विचारलं, प्यायचं पाणी का? तर पाटीलच म्हणाले, "पायावर घालाचं हाये."

बाजारातून बैल विकत आणला की आमच्याकडे घरची बाई दारात त्याच्या पायांवर पाणी घालते, कपाळाला कुंकू लावते आणि भाकरीचा तुकडा चारते. मगच तो गोठ्यात जातो. मुंबईत हे कोणी केलं नसणार, अशी पाटलांची खात्री होती. घरच्या विहिरीचं पाणी, कुंकवाची डबी, आणि ज्वारीची भाकर वर ठेच्यासकट, हे सगळं त्यांनी बोटीसाठी घेतलं होतं. मी त्यांना समजवायला गेले की बोटीला पाणी घालणं म्हणजे जरा... पण पालथ्या घड्यावर पाणी. भुसावळ येईपर्यंत मी नाद सोडला होता.

गोदीच्या फाटकाशी भली मोठी रांग होती. आत, लोकांच्या डोक्यांवरून, बोट दिसत होती. करड्या रंगाची, आमच्या अकोल्याच्या कोणत्याही जिनिंगपेक्षा लांब, आणि तिच्या तोफा बघून मला आनंद व्हावा की भीती वाटावी ते कळेना. फाटकाशी पांढऱ्या कपड्यातला एक तरुण अधिकारी होता. मराठी बोलत होता, कोकणातला असावा. पाटील रांग सोडून सरळ त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"साहेब, माहा पोरगा तुमच्यात होता. बॉयलरवर. संपात होता म्हनून काढला इंग्रजानं. हे बोट बी इंग्रजाचीच. हिले तुमी घेतली, डोये नवे लावले, नाव नवं देलं. माह्या पोराले घ्या. त्याले काय नवं शिकवाचं ते शिकवा. काम चोख करते तो."

मागचे लोक हसले. अधिकारी हसला नाही. त्यानं पाटलांना जरा बाजूला घेतलं.

"काका, संपातल्या लोकांना परत घ्यायचा हुकूम नाही."

"काहून नाही? त्यानं शिंग मारलं ते जुन्या धन्याले. तुमाले कुठी मारलं?"

त्या पोरानं, आणि तो पोरगाच होता, डोक्यावरची टोपी सारखी केली. मग त्यानं आवाज उतरवून म्हटलं, "मला कळतं तुम्ही म्हणता ते. पण आरमार शिस्तीवर चालतं. आज एका धन्याचं जू टाकलं, तो उद्या दुसऱ्याचं टाकणार नाही कशावरून?"

मी पाटलांकडे बघितलं. जगातल्या कोणत्याही प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर असे. याला नव्हतं, कारण हे त्यांचंच बोलणं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत, आपल्या दारात उभ्या राहिलेल्या पोराला सुनावलेलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथं उभं राहवेना. अधिकाऱ्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "या ना काका, बोट बघून जा. रांगेत नका उभे राहू. मी सोडतो तुम्हाला."

"नाही," पाटील म्हणाले. "माह्या पोराले ज्या दारातून काढलं, त्या दारातून मी अंदर जात नाही." आणि ते समोरच्या भिंतीच्या सावलीत जाऊन उकिडवे बसले.

मला वाटलं, संपलं. आता परत फिरायचं. पण पाटलीणबाई जागच्या हलल्या नाहीत. तोवर कधी त्यांनी नवऱ्याच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "चला बाई."

"पण पाटील..."

"ते बसले त बसू द्या. बोटीचा काय गुन्हा?"

शिडीवरून त्या डगमगत चढल्या, एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात माझं मनगट. वर सगळीकडे ओल्या रंगाचा वास होता. पाटलीणबाईंनी इकडं तिकडं पाहिलं. बोटीचे पाय कुठं असतात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी त्यांनी शिडी जिथं टेकली होती तिथंच पाणी ओतलं, वाकून जवळच्या एका लोखंडी खुंटाला कुंकू लावलं, आणि भाकर हातात धरून उभ्या राहिल्या. इथं विधी अडला. बैल भाकर खातो, बोट कशी खाणार? फडकं घेऊन उभा असलेला एक खलाशी हे सगळं बघत होता. नुकतंच पुसलेलं आम्ही ओलं केलं म्हणून तो ओरडेल असं मला वाटलं. पाटलीणबाईंनी भाकर त्याच्यापुढं धरली. त्यानं आजूबाजूला पाहिलं, तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. वऱ्हाडी ठेचा होता तो. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पठ्ठ्यानं अर्धी भाकर संपवली.

आम्ही खाली आलो तेव्हा पाटील तिथंच बसले होते. बोटीकडे पाठ करून.

"पानी घातलं?" त्यांनी विचारलं.

"घातलं."

"भाकर?"

"एका पोट्ट्यानं खाल्ली."

"हं," ते म्हणाले आणि उठले.

परतीच्या गाडीत, एरवी डब्यातल्या प्रत्येकाला 'कुठचे, जमीन किती, बैल किती' विचारणारा माणूस, तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपलं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची वेळ सगळ्यांवरच यावी.

अकोल्याला उतरून टांग्यानं घरी आलो. अंगणात किसन विहिरीवरचं इंजिन उघडून बसला होता. सुटे भाग पोत्यावर मांडलेले होते. माझी आई दार उघडायला आली, पाटलीणबाई आत गेल्या. पाटील मात्र जोडा न काढता अंगणातच उभे राहिले. मुलाशी बोलायची सवय मोडलेली, सुरुवात कुठून करावी ते त्यांना कळत नव्हतं.

"किसना," ते म्हणाले.

"हां."

"नाही म्हनले."

किसनच्या हातातला पाना चालूच होता. "मालूम होतं मले."

पाटील त्या पोत्यापाशी खाली बसले. "मालूम होतं? मंग मले जाऊ काहून देलं? वेचनी टाकून गेलो, तुह्या मायले घेऊन गेलो, त्या पोरासारक्या साहेबापुढं हात जोडून उभा राहलो. एक सबद बोलला असता, त घरीच राहलो असतो ना!"

किसननं पाना खाली ठेवला.

"टेशनावर इतक्या लोकायनं हार घातले बाबा," तो म्हणाला. "वकीलसाहेबायनं भाषन केलं. पन माह्यासाठी विचाराले आजवर कोनी गेलं नोतं. तुमी जातो म्हनले. मले वाटलं, जाऊ द्यावं."